मनगटाचं फ्रॅक्चर आणि व्हिटॅमिन सी: एका रुग्णालयातलं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक ट्रस्टचं रुग्णालय. आजूबाजूला ऊस, द्राक्षबागा आणि यंत्रमाग, त्यामुळे अपघात विभागात येणाऱ्या दुखापतीही साधारण ठरलेल्या: दुचाकीवरून पडलेले, पाय मुरगळलेले, बोट मशीनमध्ये सापडलेले. पावसाळ्यात त्यात गोठ्यात किंवा न्हाणीत घसरून हातावर पडलेल्या बायकांची भर पडते. त्यांचं बहुतेक वेळा मनगटाजवळचं हाड मोडतं. रुग्णालयाची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. माझं काम संशोधनाचा आराखडा तपासण्याचं होतं, म्हणून सुरुवातीच्या बैठकीपासून मी सोबत होते.

इथल्या तीन अस्थितज्ज्ञांच्या तीन सवयी होत्या. सगळ्यांत तरुण डॉक्टर मनगट मोडलेल्या प्रत्येकाला ५०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी पन्नास दिवस लिहून देत. त्यांच्या शिक्षकांनी तसं शिकवलं होतं. दुसरे कधी देत, कधी नाही. विभागप्रमुख मुळीच देत नसत. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांनी यातून आपला अर्थ काढला. सी दुखण्यावर चालतं असं समजून ते मुरगळलेल्या पायाला, बरगडीच्या मुक्या माराला, अगदी पाठीच्या उसणीलाही ही गोळी लिहू लागले. गोळी स्वस्त, आंबट-गोड, प्रत्येक मेडिकलमध्ये मिळणारी. कोविडच्या दोन वर्षांत तर ती घराघरांत पोहोचली होती. तिच्याबद्दल कुणाला शंका घ्यावीशी वाटत नव्हती.

अडचण

दोन रुग्णांमुळे हा विषय बैठकीत आला.

पहिला रुग्ण यंत्रमाग कामगार होता. घोटा मुरगळून सुजला होता, हाड शाबूत होतं. त्याला पॅरासिटामॉल आणि व्हिटॅमिन सी लिहून दिलं होतं. मेडिकलमधून त्यानं फक्त सीची पट्टी घेतली, कारण अपघात विभागात त्याला सांगितलं होतं, “ही गोळी दुखण्यावर चांगली, पोटालाही त्रास नाही.” वेदनाशामकानं किडनी खराब होते हे त्यानं कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून ते टाळलं. तिसऱ्या दिवशी परत आला तेव्हा झोप नसल्यानं डोळे लाल झाले होते आणि पाय टेकवत नव्हता. पॅरासिटामॉल वेळेवर घेतल्यावर, पाय उंच ठेवून पट्टी बांधल्यावर त्या रात्री तो झोपला.

दुसरी रुग्ण साठीच्या पुढच्या मावशी. गोठ्यात घसरल्या, उजवं मनगट मोडलं. हाड बसवून कच्चं प्लास्टर झालं, आठवड्यानं पक्कं झालं. व्हिटॅमिन सी त्यांना मिळालं नव्हतं, कारण त्या दिवशी विभागप्रमुखांची ओपीडी होती. प्लास्टर निघालं तेव्हा हात सुजलेला, कातडी चकचकीत, बोटं वळत नव्हती, चादरीचा स्पर्शही सहन होत नव्हता. एक्स-रेमध्ये हाड छान जुळलेलं. हा सीआरपीएस, म्हणजे दुखापतीच्या मानानं कितीतरी जास्त आणि कितीतरी लांबणारी वेदना. जुन्या पुस्तकांत याला सुडेक या सर्जनचं नाव आहे. मावशींना भाकरी थापता येईपर्यंत पुढचा उन्हाळा उजाडला.

तरुण डॉक्टर बैठकीत म्हणाले, “सर, शंभरेक रुपयांच्या गोळ्यांनी हे टळलं असतं.” विभागप्रमुखांचा प्रश्न होता, “टळलं असतं हे कशावरून?”

दोघंही मनापासून बोलत होते. पण ते दोन वेगळ्या वेदनांबद्दल बोलत आहेत हे त्या खोलीत लगेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. कामगाराची वेदना आजची होती. मावशींची वेदना सहा आठवड्यांनी उगवलेली होती. व्हिटॅमिन सी आजची वेदना कमी करतं का, हा एक प्रश्न. ते पुढची वेदना अडवतं का, हा दुसरा. निवासी डॉक्टरांनी दुसऱ्या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर पहिल्या प्रश्नाला लावलं होतं, आणि त्याची किंमत त्या कामगारानं तीन रात्री मोजली.

हाताशी असलेला पुरावा

पन्नास दिवसांची ही प्रथा नेदरलँड्समधून आली. तिथल्या झोलिंगर आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया न करता प्लास्टरमध्ये ठेवलेल्या मनगटांच्या रुग्णांपैकी काहींना रोज ५०० मिलिग्रॅम सी दिलं, काहींना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. सी गटात ५४ पैकी ४ मनगटांना सीआरपीएस झाला, दुसऱ्या गटात ६५ पैकी १४ मनगटांना. म्हणजे ७ टक्के आणि २२ टक्के.

२००७ मध्ये त्याच गटानं अनेक रुग्णालयांत मोठी चाचणी केली: ४१६ रुग्ण, ४२७ मनगटं, सीचे तीन डोस. सी घेतलेल्यांत ३२८ पैकी ८ मनगटांना त्रास झाला, न घेतलेल्यांत ९९ पैकी १० मनगटांना. ५०० आणि १५०० मिलिग्रॅममध्ये फारसा फरक दिसला नाही. यात नवल नव्हतं. तोंडानं घेतलेलं सी काही शे मिलिग्रॅमच्या पुढं गेलं की रक्तातली पातळी फारशी वाढत नाही, जादाचं लघवीवाटे जातं. अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेनं २००९ च्या मार्गदर्शनात मनगटाच्या फ्रॅक्चरला सी सुचवलं ते याच आकड्यांच्या बळावर.

मग एडिंबरा. २०१४ साली तिथल्या गटानं ३३६ रुग्णांवर तोच डोस तितकेच दिवस देऊन पाहिला. वर्षअखेरीस हाताच्या कामात फरक दिसला नाही, सीआरपीएसमध्येही नाही.

तरुण डॉक्टरांनी पहिले दोन निबंध वाचले होते, विभागप्रमुखांनी तिसरा. तिन्ही शेजारी ठेवल्यावर चर्चेचा सूर बदलला. सीआरपीएस ओळखायला एकच रक्ततपासणी नाही. लक्षणं मोजून ठरवावं लागतं, आणि कोणते निकष लावता यावर आकडा हलतो. २००३ च्या बुडापेस्ट बैठकीतून आलेले निकष आज जास्त वापरात आहेत, १९९९ च्या चाचणीत ते नव्हते. ९९ पैकी १० हा आकडाही मला डळमळीत वाटतो. त्यात तीन-चार रुग्ण इकडचे तिकडे झाले असते तर निष्कर्षाची धार बरीच बोथट झाली असती.

आजच्या वेदनेबद्दलचा पुरावा आणखी विरळ. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेआधी २ ग्रॅम सी दिल्यावर नंतर मॉर्फिन कमी लागलं, असं २०१२ चं एक काम आहे. पण ती शस्त्रक्रियेची वेदना आणि मॉर्फिनचं माप. कॅनडात माँट्रियलच्या आपत्कालीन विभागांतले संशोधक दुखापतीच्या रुग्णांना सी देऊन ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या वर्गातल्या, गोळ्या कमी लागतात का ते तपासत आले आहेत. त्यांच्याकडे ओपिऑइडचं व्यसन हे मोठं संकट असल्यानं तो प्रश्न तिथं अगदी खरा आहे. आपल्या अपघात विभागातून माणूस घरी जातो तो बहुतेक वेळा पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक घेऊन. इथं मोजायचं तर माप वेगळं लागेल.

समोरचे पर्याय

बैठकीत चार पर्याय निघाले. सगळ्या दुखापतींना सी द्यायचं, कुणालाच द्यायचं नाही, फक्त मनगटाला द्यायचं, किंवा आपणच चाचणी करायची.

सगळ्यांना द्यावं असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा होता, “नुकसान काय?” पण नुकसान समोर दिसलं होतं: माणूस खरं वेदनाशामक टाळतो. शिवाय ज्यांना मुतखडा होऊन गेला आहे त्यांना सीच्या रोजच्या मोठ्या डोसनं पुन्हा खडा होण्याचा धोका वाढतो, कारण शरीरात सीचं काही प्रमाणात ऑक्झलेट, म्हणजे खडे बनवणारा क्षार, होतं. आमच्या भागात मुतखड्याचे रुग्ण भरपूर.

चौथ्या पर्यायाची ओढ सगळ्यांनाच होती, आणि तो नीट तोलायचं काम माझ्याकडे आलं. आजच्या वेदनेची चाचणी घ्यायची तर शून्य ते दहाच्या मापावर १.३ अंकांचा फरक रुग्णाला जाणवण्याजोगा धरतात. अपघाती वेदनेच्या रुग्णांवरच्या १९९६ च्या अमेरिकी अभ्यासातून हा आकडा आला. रुग्णारुग्णांतली तफावत २.५ अंक धरली, तर नेहमीच्या संख्याशास्त्रीय अटींवर प्रत्येक गटात ५८ रुग्ण पुरतात. सोडून जाणारे धरून एकूण १४० च्या आत. हे आवाक्यात होतं. सीआरपीएस अडवण्याची चाचणी मात्र वेगळीच. १० टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर, हा २००७ च्या डच (नेदरलँड्समधल्या) चाचणीतला इतका मोठा फरक खरा मानला तरी प्रत्येक गटात साधारण १६० हवेत. फरक त्याहून कमी, म्हणजे १० वरून ५ टक्के असेल, तर प्रत्येक गटात ४३० च्या वर. मनगटाचे इतके रुग्ण या एका रुग्णालयात गोळा व्हायला अनेक वर्षं लागली असती.

निर्णयाचा पहिला खरा टप्पा हा होता. जी चाचणी जमण्यासारखी होती ती ज्या प्रश्नाची होती, त्याचं उत्तर ‘नाही’ येण्याची शक्यता सगळ्यांनाच जास्त वाटत होती. कोलेजन बांधणं, जखमेच्या जागी तयार होणारे घातक रेणू निकामी करणं, ही सीची कामं दिवस-आठवड्यांच्या गतीनं चालतात. पहिल्या रात्रीच्या ठणक्याला ती पुरी पडतील अशी आशा धरायला आधार नव्हता. आणि जो प्रश्न मोलाचा होता त्याच्यासाठी रुग्ण पुरेसे नव्हते.

काय केलं

तरीही आजच्या वेदनेचा आराखडा लिहायला घेतला. त्यातून जे उघड झालं ते आधी कुणाच्या मनात नव्हतं.

पहिली अडचण चवीची. चघळायची सीची गोळी आंबट असते. औषध नसलेली गोळी आंबट नसेल तर रुग्णाला पहिल्याच दिवशी कळतं. गिळायच्या कॅप्सूल करून घ्यायच्या, तर इतक्या थोड्या संख्येसाठी बनवून देणारा कारखाना मिळणं अवघड आणि महाग. दुसरी अडचण आहाराची. हाड मोडलं की घरचे आवळा, लिंबू, पेरू आणून देतात, आणि ते थांबवा असं सांगणं कुठल्याही डॉक्टरला शोभणार नाही. मग दोन गटांतला फरक आपोआप पुसट होतो. डच लोकांच्या ताटात हा प्रश्न या रूपात नव्हता.

तिसरी अडचण नैतिक समितीपुढं आली. २००९ पासून आपल्याकडे चाचणीची नोंद सीटीआरआयच्या राष्ट्रीय नोंदवहीत आधी करावी लागते, समितीची मंजुरी लागते, नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद लागते. ती सगळी तयारी होती. पण समितीतल्या बिगरवैद्यकीय सदस्या, निवृत्त शिक्षिका, यांनी विचारलं, “रात्री दोन वाजता मोडका हात घेऊन आलेल्या माणसाला तुम्ही संमतीपत्र वाचून दाखवणार. त्याला त्यातलं काय कळेल? तो ‘नको’ म्हणायला धजेल का?” ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अंगठ्यासोबत त्रयस्थ साक्षीदाराची सोय नियमात आहे. तो साक्षीदार रात्री दोन वाजता कोण, याचं उत्तर आराखड्यात नव्हतं. मला हा प्रश्न साऱ्या चर्चेतला सर्वांत वजनदार वाटला.

चौथी गोष्ट सर्वांत साधी आणि सर्वांत अस्वस्थ करणारी. तुलनेसाठी जुने केसपेपर काढले, तर वेदनेची नोंदच नव्हती. एक्स-रे, हाडाचा कोन, प्लास्टरची तारीख, सगळं होतं. दुखतंय किती हे कुणी लिहिलं नव्हतं.

तेव्हा समितीनं आणि टीमनं मिळून ठरवलं की गोळीची चाचणी पुढं ढकलायची. आधी काही महिने, कुठलंही नवं औषध न देता, दुखापतीच्या प्रत्येक प्रौढ रुग्णाची वेदना नीट लिहायची: येताना, घरी जाताना, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं. शून्य ते दहा हे माप शाळा न शिकलेल्या वयस्कर बायकांना अडत होतं. फिजिओथेरपिस्टनं सुचवलं की त्या ज्या भाषेत सांगतात त्यातच विचारू. “कालच्यापेक्षा किती आणे कमी?” याला मावशी क्षणात उत्तर देत: चार आणे, आठ आणे, बारा आणे फरक. आराम मोजायला हे माप उत्तम चाललं. वेदना मुळात किती आहे हे त्यातून कळत नाही, म्हणून चेहऱ्यांच्या चित्रांचं कार्ड सोबत ठेवलं.

दुसऱ्या दिवशीची विचारपूस फोनवर होती. फोन बहुतेक वेळा सून किंवा मुलगा उचलायचा. सिस्टरना तालीम दिली होती की उत्तर रुग्णाकडूनच घ्यायचं. हे जपलं गेलं म्हणून पुढचं सापडलं.

काय निष्पन्न झालं

मनगटाच्या रुग्णांच्या नोंदींत एक गोष्ट पुन:पुन्हा येत होती: “प्लास्टर आवळतंय, बोटं ठणकतात.” हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सांगणाऱ्यांपैकी पुष्कळ जण प्लास्टर बदलायच्या ठरल्या तारखेलाच रुग्णालयात येत होते. मधले दिवस घरी काढत होते, कारण प्लास्टर म्हटलं की दुखणारच अशी समजूत. मावशींचा जुना केसपेपर पुन्हा वाचला. पाचव्या दिवशी मुलानं फोन करून हात ठणकत असल्याचं सांगितल्याची त्रोटक नोंद होती. पुढं काही केल्याची नव्हती.

आणि मग त्या डच निबंधांतलं सगळ्यांनी वाचून ओलांडलेलं वाक्य आठवलं. दोन्ही चाचण्यांत प्लास्टर असतानाची तक्रार पुढच्या सीआरपीएसशी घट्ट जोडलेली होती. २००७ च्या चाचणीत अशी तक्रार करणाऱ्यांत सीआरपीएसचं प्रमाण इतरांच्या ५ पटींहून जास्त होतं. व्हिटॅमिनच्या आकड्यांवर वाद घालताना हा आकडा नजरेआड राहिला होता. आवळतं प्लास्टर सीआरपीएस घडवतं, की सुरू होऊ घातलेला सीआरपीएस प्लास्टर आवळल्यासारखा वाटायला लावतो, हे यावरून सिद्ध होत नाही. पण दोन्ही शक्यतांत त्या रुग्णाला लगेच बोलावणं योग्यच ठरतं, आणि त्यासाठी कुठल्याही चाचणीची वाट पाहावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी प्लास्टरची तपासणी सक्तीची झाली. आवळत असेल तर प्लास्टर चिरून सैल करायचं, हाड पुन्हा हलेल या भीतीनं टाळायचं नाही. हात उंच ठेवणं, झोळीत लटकवून न ठेवणं आणि पहिल्या दिवसापासून बोटं हलवणं, हे सिस्टर स्वतः करून दाखवू लागल्या. दुखापतीच्या वेदनेसाठी व्हिटॅमिन सी लिहिणं थांबलं. वेदनाशामक कसं, किती दिवस आणि काही खाऊन घ्यायचं हे तोंडी सांगणं बंधनकारक झालं. मनगट मोडलेल्या प्रौढांना सी ऐच्छिक राहिलं: मुतखड्याची विचारपूस करून, “काही अभ्यासांत फायदा दिसला, काहींत नाही, आज दुखतंय त्यावर ही गोळी नाही” असं स्पष्ट सांगून.

विभागप्रमुखांना हा मधला मार्ग पूर्ण पटला नाही. शंका असेल तर देऊ नये, असं त्यांचं मत कायम आहे. मला तो मार्ग रास्त वाटतो. डोस पचण्याजोगा आहे, खर्च थोडा आहे आणि रुग्णाला खरं सांगितलं जातं. यातली तिसरी अट सुटली तर मी त्यांच्या बाजूनं जाईन.

वेगळं काय करता आलं असतं

वेदनेची नोंद मुळात चाचणीआधी हवी होती, हे आता सोपं वाटतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे निवासी डॉक्टरांना पहिल्या बैठकीला बोलावलंच नव्हतं. गोळीचा वापर पसरला तो त्यांच्या हातून, आणि तो का पसरला हे त्यांनाच माहीत होतं. नंतर एकीनं सांगितलं, की रात्री रुग्ण “आणखी काहीतरी द्या” म्हणतो, वेदनाशामकाचा डोस वाढवायची भीती वाटते, तेव्हा व्हिटॅमिन लिहिलं की दोघांनाही बरं वाटतं. हे आधी कळलं असतं तर त्यांना वेदनाशामकांच्या सुरक्षित डोसचं शिक्षण द्यायला इतके महिने गेले नसते.

औषधनिर्मात्यालाही उशिरा विचारलं. आंबट चवीची आणि कॅप्सूलची अडचण त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितली असती. मेडिकलवाल्याशी तर बोलणं झालंच नाही, खरं तर त्या कामगारानं दोन औषधांपैकी एकच घेतलं ते त्याच्या काउंटरवर.

मोठी चाचणी अजून व्हायला हवी असं मला वाटतं, पण एका रुग्णालयात नव्हे. जवळच्या आणखी काही रुग्णालयांशी बोलणी सुरू आहेत. मसुद्यात सध्या दोन गोष्टींवर मतभेद आहेत. प्लेट बसवून शस्त्रक्रिया झालेली मनगटं त्यात घ्यायची का, हा एक. १९९९ च्या चाचणीत ती नव्हती, आणि आता त्यांचं प्रमाण बरंच वाढलं आहे. त्यांचा वेगळा गट करावा असं मी सुचवलं आहे. दुसरा संमतीचा. निवृत्त शिक्षिकांच्या आग्रहावरून मसुद्यात लिहिलं आहे की रात्री फक्त उपचार होतील. चाचणीबद्दल विचारायचं ते दुसऱ्या दिवशी, प्लास्टर तपासायला रुग्ण परत येईल तेव्हा, घरच्यांसमोर. यामुळे पहिला डोस एक दिवस उशिरा जातो आणि काही संशोधकांना ते मान्य नाही. पन्नास दिवसांच्या औषधात एका दिवसानं काय बिघडतं, याचं समाधानकारक उत्तर त्यांच्याकडून अजून आलेलं नाही.